टेबलावर चाललं म्हणजे सर्किट तयार झालं?

भोसरी, अंबड, शिरोली, कुठल्याही एमआयडीसीत जा, आपल्या यंत्रासाठी खास सर्किट करून घेणारे लघुउद्योजक भेटतात. डिझाइन इंजिनिअर पगारावर ठेवणं परवडत नाही, म्हणून ते फ्रीलान्स इंजिनिअरला काम देतात. यात चूक काहीच नाही. पण पहिला नमुना चालू झाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘टेबलावर तर चाललं! आता फक्त पीसीबी काढायची राहिली. त्याचे वेगळे पैसे कशाला?’

हे वाक्य इतक्यांदा कानावर पडतं की आता चीड येते, कारण त्यापायी नुकसान दोघांचंही होतं. म्हणून आधी याच गैरसमजाचा हिशेब पूर्ण करू.

ब्रेडबोर्डवर किंवा आर्डुइनोवर जोडलेला नमुना एकच गोष्ट सिद्ध करतो: कल्पना बरोबर आहे. बटण दाबलं की रिले लागतो, सेन्सरचं वाचन पडद्यावर दिसतं, एवढंच. ते सर्किट बंद पॅनेलमध्ये, मोटारीशेजारी, मे महिन्यात, वर्षानुवर्षं चालेल का, याबद्दल तो काहीही सांगत नाही.

उष्णतेपासून सुरुवात करू. 7805 हा 5 व्होल्ट देणारा रेग्युलेटर सगळ्यांच्या परिचयाचा. टेबलावर त्याला 12 व्होल्टचा अडॅप्टर जोडला आणि सर्किटने 50 मिलिअँपिअर घेतले, तर त्यात जेमतेम 0.35 वॉट उष्णता होते. बोट लावलं तर कोमट लागतो. हेच सर्किट यंत्रावर बसवलं की पुरवठा असतो 24 व्होल्टचा आणि रिले जोडल्यावर करंट होतो 100 मिलिअँपिअर. आता 19 व्होल्ट गुणिले 0.1, म्हणजे 1.9 वॉट. हीटसिंक नसेल, तर निरनिराळ्या कंपन्यांच्या डेटाशीटनुसार हा भाग दर वॉटला साधारण 50 ते 65 अंश तापतो. पॅनेलमधली हवा 45 अंशांची धरली, तर आतली चिप 140 ते 168 अंशांवर पोहोचते. तिची मर्यादा आहे 125. सर्किट तेच, इंजिनिअर तोच, पण पॅनेलमध्ये ते मधूनच बंद पडणार. इंजिनिअरला यंत्रावरचा व्होल्टेज आणि लोड आधी सांगितला असता, तर त्याने तिथे स्विचिंग रेग्युलेटर घातला असता.

दुसरा शत्रू विद्युत गोंगाट. टेबलावर आउटपुटला एलईडी किंवा छोटा बल्ब लावून चाचणी होते. यंत्रावर तिथे कॉन्टॅक्टर येतो. त्याची कॉइल बंद होते त्या क्षणी शेकडो व्होल्टचा झटका उलटा येऊ शकतो. डीसी कॉइलला डायोड, एसी कॉइलला स्नबर, ग्राउंडची योग्य आखणी, सिग्नलच्या तारा पॉवरपासून दूर ठेवणं, हे सगळं झालं नसेल तर मायक्रोकंट्रोलर मधूनच रीसेट होतो आणि दोष सॉफ्टवेअरवर ढकलला जातो. पीसीबीची आखणी म्हणजे ‘फक्त रेघा जोडणं’ नव्हे, ते याचसाठी.

तिसरी गोष्ट, एक नमुना आणि शंभर नग यांतला फरक. 24 व्होल्ट मोजण्यासाठी ते 3 व्होल्टवर आणायला 5 टक्के टॉलरन्सचे दोन रेझिस्टर वापरले, तर वाईटात वाईट स्थितीत वाचन 8 ते 9 टक्क्यांनी चुकतं. टेबलावरच्या त्या एका नगात दोन्ही रेझिस्टर नेमके बरोबर निघाले असतील, पण शंभर नगांत तसे निघणार नाहीत.

आयुष्याचंही तसंच. 105 अंशांना 2,000 तास, अशी ग्वाही असलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर घ्या. तापमान 10 अंशांनी कमी झालं की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. म्हणजे 75 अंशांना 16,000 तास, अखंड चालू ठेवला तर दोन वर्षांहूनही कमी. दोन तासांच्या प्रात्यक्षिकात हे कसं दिसणार?

हे गणित करणं, मग बोर्ड आखणं आणि खऱ्या लोडवर तपासणं, हेच डिझाइनचं काम आहे. नमुना चालल्यावर त्याचा मोठा भाग शिल्लकच असतो.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

‘पैसे दिले म्हणजे डिझाइन माझं.’ कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार नोकराने नोकरीत केलेल्या कामाचा हक्क मालकाचा असतो. स्वतंत्र व्यावसायिकाने केलेल्या आराखड्याचा आणि प्रोग्रॅमचा पहिला हक्कदार सर्वसाधारणपणे तोच असतो. हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागतं. कलम 19 नुसार मुदत लिहिली नाही तर ती 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. दोन्ही स्पष्ट लिहून घ्या.

‘गर्बर फाइल मिळाली, आता काळजी नाही.’ गर्बरवरून बोर्ड छापता येतो, पण त्यात नीट बदल करता येत नाही. स्कीमॅटिक, पीसीबीच्या मूळ फाइल, उत्पादकाच्या पार्ट नंबरसह सुट्या भागांची यादी आणि फर्मवेअरचा सोर्स कोड, हे सगळं मागा. नुसती हेक्स फाइल पुरेशी नाही.

‘डेटाशीटमधलं सर्किट उतरवलं की झालं.’ टेक्सास इन्स्ट्रुमेंट्ससारखी कंपनी आपल्या सूचनेत स्वच्छ लिहिते की, आपल्या वापरासाठी डिझाइन करणं आणि ते तपासणं ही जबाबदारी ग्राहकाचीच.

‘लॅमिंग्टन रोडवर मिळतो ना, मग भाग कायमच मिळेल.’ 2020 ते 2022 च्या चिपटंचाईत साधे मायक्रोकंट्रोलरही महिनोन्‌महिने मिळत नव्हते. महत्त्वाच्या प्रत्येक भागाला पर्याय यादीतच हवा.

‘बीआयएसचं इंजिनिअर बघेल.’ ज्या उत्पादनांना सक्तीची नोंदणी लागू आहे, तिथे ती उत्पादकाच्या कारखान्याच्या नावे होते. इंजिनिअर मदत करू शकतो, पण जबाबदारी तुमचीच राहते.

उद्योजकांना कळकळीची विनंती आहे. काम देण्यापूर्वी एक पानभर मजकूर लिहा: पुरवठ्याचा किमान व कमाल व्होल्टेज, पॅनेलमधलं तापमान, आउटपुटला काय जोडणार, वर्षाला किती नग लागणार आणि शेवटी कोणत्या फाइल हव्यात. पैशांचे हप्ते टप्प्यांनुसार ठरवा आणि शेवटचा हप्ता यंत्रावरच्या चाचणीनंतर, सगळ्या फाइल हातात आल्यावर द्या. या पानाशिवाय मागवलेलं सर्वांत स्वस्त कोटेशनही शेवटी महागच पडतं.