वारणेच्या अलीकडचा समुद्र

हातकणंगल्याहून समुद्र बघायचा तर आधी कोल्हापूर, मग घाट, मग कोकण. दीडशेवर किलोमीटर सहज होतात. त्यामुळे कोल्हापूर एकेकाळी आरमार बाळगून होतं असं कुणी म्हटलं, तर कट्ट्यावर हशाच पिकतो. कोल्हापूर म्हणजे ऊस, गूळ, तालमी आणि तांबडा-पांढरा. गलबतं असली तर ती शिवाजी महाराजांची, नाहीतर कुलाब्याच्या आंग्र्यांची, अशी आपली पक्की समजूत. ती चुकीची आहे. ऐंशी वर्षं कोल्हापूर हे बंदर असलेलं राज्य होतं, आणि त्याचा कागद आपल्याच तालुक्याच्या हद्दीवरच्या नदीच्या नावाने ओळखला जातो.

पुण्याला जाताना किणी-घुणकीच्या पुढे महामार्गावर जी वारणा ओलांडतो, तीच ही नदी. साताऱ्याचे शाहू छत्रपती आणि कोल्हापूरचे संभाजी छत्रपती या चुलतभावांत १३ एप्रिल १७३१ रोजी तह झाला. वारणेच्या उत्तरेचं साताऱ्याचं, दक्षिणेचं कोल्हापूरचं, एवढं शाळेतलं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. घाटाखालची वाटणी मात्र कुणाला आठवत नाही. साळशीपासून अंकोल्यापर्यंतचं दक्षिण कोकण कोल्हापूरच्या वाट्याला आलं होतं. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात तिथे वाडीचे सावंत होते, गोव्यात पोर्तुगीज होते. हाती खरं राहिलं ते मालवण आणि समोरचा सिंधुदुर्ग.

किल्ल्याची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ची, हे बोटीत बसतानाच कानावर पडतं. त्याच बोटीतून पाण्याकडे नीट पाहिलं तर बंदराचं मर्म कळतं. मालवणासमोरचा समुद्र खडकांनी भरलेला आहे, काही वर डोकावणारे, काही पाण्याखाली दबा धरून बसलेले. वाट माहीत नसलेलं मोठं जहाज आत शिरायला धजत नाही. उथळ पाण्यात चालणारं गलबत माहीतगार तांडेल असला की सुटतं. व्यापाराला ही अडचण, आरमाराला मात्र तटाबाहेरचा आणखी एक तट.

इथूनच ‘मालवणचे चाचे’ हा शिक्का आला. इंग्रजांच्या कागदांत कोल्हापूरच्या दर्यावर्द्यांचा उल्लेख चाचे म्हणूनच येतो आणि आपले काही लेखकही तो तसाच उचलतात. त्या काळचा समुद्राचा कायदा काय होता? आमच्या पाण्यातून जायचं तर आमचा परवाना घ्या, नाहीतर माल जप्त. ही रीत या किनाऱ्यावर रुजवली पोर्तुगीजांनी, सोळाव्या शतकात. इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनीही स्वतःचे परवाने देत असे. कोल्हापूरने तेच केलं की ती चाचेगिरी! अर्थात मालवणची माणसं काही साधुसंत नव्हती. लूट व्हायची. पण तिच्यामागे राज्याचा हात होता, ती उनाड टोळ्यांची नव्हती.

१७६५ मध्ये मुंबईहून कंपनीचं आरमार आलं आणि त्याने सिंधुदुर्ग घेतला. किल्ल्याचं नाव ठेवलं ‘फोर्ट ऑगस्टस’. पण ठेवून परवडेना, म्हणून पुढच्याच वर्षी पावणेचार लाखांवर रुपये आणि मालवणात वखारीची परवानगी घेऊन तो कोल्हापूरला परत दिला. तेव्हा गादीचा कारभार पाहत होत्या जिजाबाई. इथेही नावाने फसगत होते. या शिवरायांच्या मातोश्री नव्हेत. १७६० मध्ये वारलेल्या संभाजी छत्रपतींच्या या राणी. कर्तबगारीत त्याही कमी नव्हत्या.

आता सर्वांत घट्ट गैरसमज: पेशवाई १८१८ मध्ये बुडाली, तेव्हाच सिंधुदुर्ग पडला. नाही. तो सहा वर्षं आधीच गेला, तोही तोफेने नव्हे, सहीने. पेशवे, पटवर्धन आणि निपाणकर यांच्या कचाट्यात कोल्हापूर मेटाकुटीला आलं होतं. १८१२ च्या तहात कोल्हापूरने मालवण बंदर आणि तिथले किल्ले दिले, लढाऊ जहाजं न बाळगण्याचं कबूल केलं आणि बदल्यात कंपनीचं संरक्षण घेतलं. त्याच वर्षी सावंतवाडीने वेंगुर्ला दिलं. सात वर्षांनी कंपनीने सिंगापुरात पाय रोवला. जमीन राजाकडे राहू द्यावी, बंदर आपल्याकडे घ्यावं, हे गणित तिला नेमकं जमलं होतं. किनारा गमावला की काय होतं, ते कळायला इथिओपियाकडे बघा: १९९३ मध्ये इरिट्रिया वेगळा झाला, किनारा गेला, आणि आज एवढ्या मोठ्या देशाचा बहुतेक माल चिमुकल्या जिबूतीच्या बंदरातून जातो.

बंदर गेलं म्हणून व्यापार थांबला, असंही नाही. बैलांचे तांडे घाट चढत-उतरत राहिले. फक्त बंदराची जकात कंपनीच्या तिजोरीत जाऊ लागली. कोल्हापूरची समुद्राकडे पाठ खरी फिरली ती १८९१ मध्ये, मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली तेव्हा. ही गाडी आपल्या हातकणंगल्यावरूनच धावते. देशावरचा माल पश्चिमेला उतरायचा तो पूर्वेकडे मिरजेला वळला. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेमार्ग मंजूर झाला, पण घाट उतरणारी गाडी अजून धावलेली नाही.

पुढच्या वेळी सिंधुदुर्गावर गेलात तर शिवराजेश्वराच्या देवळात क्षणभर थांबा. बंदर सोडून शंभरेक वर्षं झाल्यावर तिथला सभामंडप बांधला तो कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी.