विलंबाने होणाऱ्या नेटवर्क जोडणीचे पॅकेट कॅप्चरच्या आधारे निदान : खानदेशातील महाविद्यालयीन प्रयोगशाळांच्या संदर्भात

प्रस्तावना :
१५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या व २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे कार्यक्षेत्र जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत पसरलेले आहे. प्रवेश, परीक्षा व शिष्यवृत्तीचे अर्ज आता ऑनलाइन भरले जातात. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल यांसारख्या तालुक्यांतील अनेक विद्यार्थ्यांना त्यासाठी महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेचाच आधार असतो. अर्जाच्या अंतिम दिवशी पान उघडण्यास विलंब झाला, तर त्याची झळ विद्यार्थ्याला बसते. अशा वेळी 'नेट स्लो आहे' असे म्हणून अधिक क्षमतेची लाइन घेण्याची मागणी होते. परंतु निदानापूर्वीच केलेला हा उपचार बहुधा निष्फळ ठरतो. प्रस्तुत लेखात विलंबाचे नेमके स्थान शोधण्याच्या पद्धतीचा विचार केला आहे.

विलंब अंतरामुळे होतो काय?
प्रकाशतंतूतून संकेत सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. जळगाव-धुळे अंतर शंभर किलोमीटरच्या आत आहे. म्हणजे जाण्यायेण्यास एक मिलिसेकंद पुरेसा होतो. हजार किलोमीटरचा वळसा गृहीत धरला तरी दहा मिलिसेकंदच लागतील. म्हणून पाच सेकंदांचा विलंब अंतराने स्पष्ट होत नाही. कोणीतरी कोणाची तरी वाट पाहत आहे, असाच त्याचा अर्थ होतो.

साधन व पद्धती :
संगणकातून जाणाऱ्या व येणाऱ्या प्रत्येक पॅकेटची वेळेसह नोंद घेणे म्हणजे पॅकेट कॅप्चर होय. टीसीपीडंप हे साधन १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत तयार झाले. जेराल्ड कोम्ब्स यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेले 'इथरियल' २००६ पासून 'वायरशार्क' या नावाने ओळखले जाते. ही दोन्ही साधने विनामूल्य आहेत.

जोडणीचे टप्पे ठरलेले असतात. प्रथम डीएनएसकडून संकेतस्थळाच्या नावाचा अंकीय पत्ता मिळतो. नंतर सिन, सिन-ॲक व ॲक अशी तीन पॅकेट्सची देवाणघेवाण होते. त्यानंतर टीएलएसद्वारे सुरक्षित मार्ग तयार होतो व शेवटी प्रत्यक्ष मागणी आणि उत्तर यांची पाळी येते. कोणत्या दोन नोंदींमध्ये मोठी पोकळी आहे, हे पाहणे हाच निदानाचा गाभा होय.

विलंबाची लक्षणे :
(१) डीएनएसचा प्रश्न गेला, उत्तर आले नाही व पाच सेकंदांनी तोच प्रश्न दुसऱ्या सर्व्हरकडे गेला, तर पहिला सर्व्हर बंद अथवा चुकीचा आहे. लिनक्सच्या पारंपरिक मांडणीत ही प्रतीक्षा पाच सेकंदांचीच असते.
(२) सिन पॅकेट पुनःपुन्हा जात असेल, तर ते वाटेत हरवत आहे, फायरवॉल ते निमूटपणे टाकून देत आहे किंवा त्याचे उत्तर परत पोहोचत नाही. २०११ मध्ये सुधारलेल्या मानकानुसार पहिली प्रतीक्षा एक सेकंदाची असून पुढे ती साधारणपणे दुप्पट होत जाते. त्यामुळे एक, तीन, सात सेकंदांचे विलंब दिसतात. त्यापूर्वी पहिली प्रतीक्षा तीन सेकंदांची होती. याउलट सर्व्हरने रीसेट पाठविल्यास नकार तत्काळ कळतो.
(३) सिन-ॲक त्वरित आले, मागणीची पोचही मिळाली, पण उत्तर सहा सेकंदांनी आले, तर नेटवर्क निर्दोष आहे. विलंब सर्व्हरवरील कामात आहे.
(४) जोडणी लगेच होऊन पुढे माहितीची पॅकेट्स वारंवार पुन्हा पाठविली जात असतील, तर सदोष केबल, क्षीण वायरलेस संकेत किंवा मार्गावरील गर्दी यांचा शोध घ्यावा.

उदाहरण :
धुळ्यातील एखाद्या प्रयोगशाळेत पुढील नोंद मिळाली असे मानू. ११ वाजून ४ मिनिटे १०.००० सेकंदांनी डीएनएसचा प्रश्न गेला, १५.००२ ला तोच प्रश्न दुसऱ्या सर्व्हरकडे गेला, १५.०४० ला उत्तर आले, १५.०४३ ला सिन व १५.०७१ ला सिन-ॲक. येथे सर्व्हरशी प्रत्यक्ष जोडणीस केवळ २८ मिलिसेकंद लागले. पाच सेकंद नाव शोधण्यात गेले. लाइनची क्षमता दहापट केली तरी हे पाच सेकंद तसेच राहतील. राउटरच्या मांडणीतून मृत सर्व्हरचा पत्ता काढून टाकणे हा विनाखर्च उपाय येथे पुरेसा आहे.

मर्यादा व दक्षता :
स्विचला जोडलेल्या संगणकावर सामान्यतः स्वतःचीच पॅकेट्स दिसतात. इतरांची पाहण्यासाठी स्विचवर पोर्ट मिररिंग करावे लागते. पॅकेट वाटेत हरवले की सर्व्हरने दुर्लक्षिले, हे ठरविण्यासाठी शक्यतो दोन्ही टोकांना नोंद घ्यावी. कॅप्चरमध्ये विद्यार्थ्यांची खासगी माहिती येऊ शकते. म्हणून प्राचार्यांची लेखी अनुमती घ्यावी, केवळ पॅकेटचे शीर्ष नोंदवावे व काम संपताच फाइल नष्ट करावी.

निष्कर्ष :
विलंबाची तक्रार अनुभवावर आधारित असते. निदान मात्र नोंदीवर आधारलेले असावे. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आपल्याच प्रयोगशाळेतील नोंदी वाचावयास दिल्यास अभ्यासक्रमातील टीसीपी प्रत्यक्षात समजेल आणि अंतिम दिवशी रांगेत उभ्या असलेल्या त्यांच्या सहाध्यायांचा अर्जही वेळेत दाखल होण्यास साहाय्य होईल.