मागूर : आपला आणि परका

दिलसुखनगरच्या गजबजाटातून थोडे बाजूला गेले की सरूरनगरचे तळे लागते. ते १६२६ साली बांधलेले. आज त्याला वस्तीने वेढले आहे. अशा गढूळ, कमी प्राणवायूच्या पाण्यात बहुतेक मासे गुदमरतात. पण एक मासा तेथेही सुखाने नांदू शकतो. तो म्हणजे मागूर.

मागुराच्या अंगावर खवले नसतात. तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या असतात. हा मासा निशाचर. अंधारात या मिशांनीच तळ चाचपून तो किड्यांच्या अळ्या, गांडुळे, गोगलगाई, लहान मासे आणि कुजका पालापाचोळाही खातो. अमेरिकेतील बुलहेड नावाचा त्याचा दूरचा भाऊबंदही असाच मिशाळ, रात्रिंचर आणि सर्वभक्षी आहे.

मागुराचे खरे नवल त्याच्या कल्ल्यांपाशी आहे. तेथे झाडाच्या फांद्यांसारखा एक अवयव असतो. त्याच्या योगे तो पृष्ठभागावर येऊन थेट हवेतून श्वास घेतो. म्हणूनच बाजारात परातीतल्या वीतभर पाण्यात तो तासन् तास जिवंत राहतो, आणि पावसाळ्यात ओल्या जमिनीवरून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्यात जातो. छातीच्या परांतील काटे त्याला या प्रवासात टेकू देतात. तेच हाताला लागले तर मात्र चांगलीच वेदना होते. पाणी भरलेल्या भातखाचरांत खळगा करून मादी अंडी घालते आणि नर त्यांची राखण करतो.

आता मुख्य गोष्ट. आपला देशी मागूर सहसा फूटभराच्या आतबाहेर असतो. बाजारात मात्र त्याच नावाने पुष्कळदा आफ्रिकी मागूर विकला जातो. त्याचे डोके मोठे व चपटे, अंगावर करडे ठिपके, आणि पूर्ण वाढल्यास लांबी मीटरहून अधिक. तो काही महिन्यांतच किलोभर भरतो, दाटीत वाढतो, कत्तलखान्याच्या घाणीवरही पोसता येतो. यातच त्याच्या व्यापाराचे इंगित आहे. परंतु पुराच्या पाण्याबरोबर तो तळ्यातून सुटून नदीनाल्यांत शिरला, की देशी मासे आणि त्यांची पिले फस्त करतो. म्हणून केंद्र सरकारने २००० साली त्याच्या संवर्धनावर बंदी घातली. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादानेही असे साठे नष्ट करण्याचा आदेश दिला. तरीही चोरटी पैदास थांबलेली नाही.

बंदी कागदावर राहते, कारण गिऱ्हाईक बाजारात असते. तेव्हा मागूर घेताना केवळ स्वस्ताई पाहू नये; आकार पाहावा, डोके पाहावे आणि मासा कोठल्या तळ्यातला, हे विक्रेत्याला विचारावे. विक्रेता सांगण्यास कचरला, तर पिशवी रिकामी घेऊन परतलेले बरे. आपल्या ओढ्यातला लहानगा मागूर टिकणे, हे त्या रिकाम्या पिशवीवरही थोडेसे अवलंबून आहे.