खुर्चीने ताठा सोडला तेव्हा…

व्हायवाला आत गेलात की सर ‘बस’ म्हणेपर्यंत तुम्ही उभेच असता ना? आता कल्पना करा, रोजचं जगणंच असं असेल तर! फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारात साधारण हेच चालायचं. राजासमोर बसायचं कुणी, हे नियमाने ठरलेलं. हातांची खुर्ची राजा-राणीची. डचेस बायकांना बिनपाठीचं स्टूल, आणि त्याचाही केवढा मान! बाकी बहुतेक सगळे उभे.

खुर्च्याही तशाच कडक. उंच, ताठ पाठ, जाडजूड पाय आणि त्या पायांना जखडून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या.

1715 मध्ये लुई वारला. गादीवर आला त्याचा पाच वर्षांचा पणतू. कारभार ऑर्लिआंच्या फिलिपकडे गेला आणि दरबार व्हर्सायहून पॅरिसला. तिथे मोठा थाट मिरवण्यापेक्षा घरगुती बैठका आणि गप्पा रंगू लागल्या. श्रीमंतांचा कट्टाच म्हणा ना! आणि कट्ट्यावर ताठ कोण बसतं?

या काळाच्या शैलीला ‘रेजाँस’ म्हणतात. रोकोकोची ही पहिली पायरी. खुर्चीचे पाय बाकदार झाले, हळूहळू आडव्या पट्ट्या गेल्या, पाठ बुटकी झाली. हात थोडे मागे सरकले, कारण बायकांच्या घेरदार झग्यांना जागा हवी होती. आशियातून येणारा वेत विणून हलक्या खुर्च्याही बनू लागल्या. कोरीवकामात शिंपले आणि पानं आली. ओळखायची एक सोपी खूण सांगते: शिंपला बरोबर मध्यावर आणि दोन्ही बाजू सारख्या असतील, तर काम बहुधा सुरुवातीचं. 1730 नंतर नक्षी मुद्दाम एका बाजूला झुकू लागली. पिअर क्रोझा या धनाढ्य संग्राहकासाठी बनलेल्या संचातली खुर्ची आज पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे. तिचा फोटो शोधा, म्हणजे हे सगळं पटकन कळेल.

अशी एक खुर्ची एकट्या माणसाची नसायची. सांगाडा सुताराचा, नक्षी कोरणाऱ्याची, सोन्याचा वर्ख तिसऱ्याचा, गादी-कापड चौथ्याचं. प्रत्येकाचं काम वेगळं. आपण घडवलेल्या खुर्चीत मालकासमोर बसायची मुभा मात्र यांच्यापैकी कुणाला नव्हती. खुर्ची सैलावली, पण फक्त वरच्या लोकांसाठी.

पुढच्या वेळी लग्नाला गेलात, की स्टेजवरच्या सोनेरी सोफ्याचे पाय बघा. तेच बाक, तेच शिंपले. तीनशे वर्षांपूर्वीच्या पॅरिसची ती नक्कल आहे. आणि मग हॉलभर नजर फिरवा. कोण बसलंय, आणि वाढणारं, झाडणारं कोण अजून उभंच आहे?