लेव्ही पुंजक्यांची ओळख

प्रतिपिंड हे रोगप्रतिकारक यंत्रणेने तयार केलेले, ठरावीक रेणूच्या ठरावीक भागालाच चिकटणारे प्रथिन असून, या नेमकेपणामुळेच ते मेंदूविकारांच्या संशोधनात अमोल साधन ठरले आहे. पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत फ्रित्स लेव्ही यांनी १९१२ मध्ये वर्णिलेले पुंजके प्रामुख्याने अल्फा-सायन्युक्लिन या प्रथिनाचे असतात, हे मारिया ग्राझिया स्पिलांटिनी, मिशेल गोडर्ट आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अशाच प्रतिपिंडांच्या साहाय्याने दाखवले. मेंदूच्या पातळ कापावर प्रतिपिंड सोडले, की त्याला जोडलेल्या विकराच्या क्रियेने पुंजका गडद तपकिरी उमटतो. मात्र प्रतिपिंड भलत्याच प्रथिनालाही चिकटू शकते. म्हणून ज्या प्रथिनाचा शोध घ्यायचा आहे, त्याचे जनुक काढून टाकलेल्या उंदराच्या ऊतीवर ते पारखणे अत्यावश्यक आहे, कारण तिथेही रंग उमटला तर त्या प्रतिपिंडावर विसंबता येत नाही.