सुपरहीरोंचे सचित्र कोश

अमेरिकेतील सुपरहीरोंच्या कथा एकट्या लेखकाच्या नसतात आणि त्या कधी संपतही नाहीत. त्यांच्याविषयीच्या सचित्र संदर्भग्रंथांची गरज या दोन गोष्टींतून निर्माण झाली. जून 1938 या तारखेच्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला, पुढच्या वर्षी ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या 27 व्या अंकात बॅटमॅन आला, आणि तेव्हापासून ही पात्रे, अनेकदा एकाच वेळी दोन-तीन मासिकांतून, निरनिराळ्या लेखक-चित्रकारांच्या हातून वाचकांसमोर येत राहिली. पात्राची मालकी सामान्यतः प्रकाशन कंपनीची असल्यामुळे एक लेखक गेला की दुसरा येतो आणि कथा पुढे सरकते. मात्र नव्याने आलेल्याने मागचे सारे वाचलेले असतेच असे नाही, आणि मग नायकाचे बालपण, त्याचे नातेवाईक, त्याच्या शक्तीची मर्यादा यांविषयीच्या विसंगती साचत जातात. वर्षानुवर्षांच्या या कथा एकमेकींशी जुळत्या असाव्यात, या अपेक्षेला त्या क्षेत्रात ‘कंटिन्यूइटी’, म्हणजे कथासातत्य, म्हणतात. संदर्भग्रंथांचा सारा व्याप या सातत्याभोवती फिरतो.

या प्रकारातील पहिला खऱ्या अर्थाने कोशाच्या शिस्तीचा प्रयत्न मायकल फ्लायशर यांचा. त्यांच्या ‘द एन्सायक्लोपीडिया ऑफ कॉमिक बुक हीरोज’ या मालेचा बॅटमॅनवरील पहिला खंड 1976 साली निघाला, त्याच वर्षी वंडर वुमनवरील दुसरा आला, आणि सुपरमॅनवरचा ग्रंथ 1978 मध्ये वेगळ्या नावाने प्रसिद्ध झाला. वर्णानुक्रमे लावलेल्या नोंदींत माहितीच्या पुढे ती कोणत्या मासिकाच्या कोणत्या अंकात आढळते हे कंसात दिलेले असल्याने वाचकाला मूळ कथेपर्यंत जाता येते. चित्रे मासिकांतूनच उचललेली, कृष्णधवल आणि आजच्या दृष्टीने काहीशी रुक्ष आहेत. पण इतिहासकाराला आधार द्यावा असा या प्रकारातील ग्रंथ आजही हाच आहे.

मार्व्हल कंपनीने 1983 च्या आरंभी ‘ऑफिशियल हँडबुक ऑफ द मार्व्हल युनिव्हर्स’ ही 15 अंकांची माला सुरू केली तेव्हा मात्र या ग्रंथांचे स्वरूप पालटले, कारण आता नोंदी करणारा पात्रांचा मालकच होता. मालेचा सूत्रधार मार्क ग्रूनवाल्ड हा संपादक होण्यापूर्वी कथासातत्याच्या प्रश्नांना वाहिलेले हौशी नियतकालिक काढणारा चाहता होता, आणि ती चाहत्याची चिकाटी पानोपानी जाणवते. प्रत्येक पात्राचे मूळ नाव, व्यवसाय, जन्मस्थळ, नातेवाईक, पहिले दर्शन, उंची, वजन आणि डोळ्यांचा रंग एका ठरावीक साच्यात भरलेला असे. इतकेच नव्हे तर ‘कायदेशीर स्थिती’ या रकान्यात तो अमेरिकेचा नागरिक आहे की नाही आणि त्याच्यावर गुन्ह्याची नोंद आहे काय, हेही सरकारी दप्तराच्या गांभीर्याने लिहिलेले असे. मृत पात्रांची सोय शेवटच्या काही अंकांत स्वतंत्रपणे केली होती, आणि त्यांतील कित्येक पुढे पुन्हा जिवंत झाली, हा त्या क्षेत्राचा रिवाजच आहे.

या मालेचे खरे वैशिष्ट्य म्हणजे अद्भुताला मोजमाप देण्याचा तिचा हट्ट. स्पायडरमॅन 10 टन उचलू शकतो, हल्कसारखी पात्रे 100 टनांच्या वर्गात मोडतात, सायक्लॉप्सच्या डोळ्यांतून निघणारी शक्ती दुसऱ्या विश्वातून येते आणि आकार बदलणाऱ्या नायकाचे वाढीव वस्तुमानही अन्य मितीतूनच मिळते, अशी स्पष्टीकरणे येथे दिलेली आढळतात. त्यांना भौतिकशास्त्राचा आधार नाही. तरीही त्यांनी एक गोष्ट साधली, ती अशी की कोण कोणाला हरवू शकेल या वाचकांच्या जुन्या वादाला आकडे मिळाले. चित्रांची योजनाही याच वृत्तीला धरून होती: पात्र सरळ उभे, संपूर्ण देह व पोशाख दिसेल असे, नाट्य जवळजवळ वगळून रेखाटलेले, म्हणजे दुसऱ्या चित्रकाराला ते नमुना म्हणून वापरता यावे, त्याच्या जोडीला एलियट ब्राउन यांनी काढलेले यंत्रांचे व शस्त्रांचे तांत्रिक आराखडे.

प्रतिस्पर्धी डीसी कंपनीची ‘हूज हू’ ही 26 अंकांची माला 1985 ते 1987 या काळात निघाली. तिच्यात समोर रंगीत आकृती आणि मागे एकाच छटेत त्या पात्राच्या आयुष्यातील प्रसंग अशी मांडणी असल्याने ती पाहायला अधिक देखणी होती, आणि काही नोंदींची चित्रे पात्राच्या मूळ निर्मात्यांनीच, उदाहरणार्थ जॅक कर्बी यांनी, काढलेली होती. दुर्दैव असे की तिची वेळ चुकली. जुने आणि नवे नायक वेगवेगळ्या पृथ्वींवर राहतात ही कल्पना डीसीने 1961 पासून रूढ केली होती, आणि नेमक्या 1985-86 मध्ये ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्‌स’ या 12 भागांच्या कथेने त्या साऱ्या पृथ्वी मोडून एक केली. परिणामी कोश छापला जात असतानाच त्यातील मजकूर जुना होत गेला आणि 1987 व 1988 मध्ये पुरवण्या काढाव्या लागल्या.

मराठी वाचकाला येथे सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा ‘प्राचीन चरित्रकोश’ आठवणे स्वाभाविक आहे, कारण पुराणातील व्यक्तींच्या कथाही अनेक हातांनी घडलेल्या आणि परस्परविरोधी आहेत. फरक इतकाच की पुराणांना मालक नसल्यामुळे त्यांच्या कोशकाराला कोणता पाठ खरा हे ठरवण्याचा अधिकार नाही. त्याने ग्रंथांचे निर्देश द्यायचे असतात. कंपनीचा कोश मात्र एक पाठ अधिकृत ठरवतो आणि इतरांना अनेकदा मौनाने बाद करतो. म्हणून तो नोंदवही कमी आणि निवाडा अधिक असतो.

पुढे लंडनच्या डॉर्लिंग किंडर्स्ली या प्रकाशनसंस्थेने हा प्रकार सर्वसामान्य ग्रंथदुकानांत नेला. पांढऱ्या पार्श्वभूमीवर मोठे चित्र आणि भोवती छोट्या टिपा ही बालकोशांतून रुळलेली तिची शैली. तिने 2004 मध्ये डीसीचा आणि 2006 मध्ये मार्व्हलचा जाडजूड विश्वकोश काढला. हे ग्रंथ भेट देण्यास उत्तम आहेत, पण त्यांतील बहुतेक नोंदी त्रोटक आहेत. शिवाय 2011 साली डीसीने आपल्या मासिकांची क्रमवारी पुन्हा पहिल्या अंकापासून सुरू करून कथाविश्वच नव्याने मांडले, त्यामुळे त्या विश्वकोशाची नवी आवृत्ती 2016 मध्ये काढणे भाग पडले. असा ग्रंथ हाती घेणाऱ्याने मुखपृष्ठावरील नायकापेक्षा आतील आवृत्तीचे वर्ष आधी पाहावे. फ्लायशर यांच्या पुस्तकाची ही अडचण नव्हती, कारण त्यातील माहिती अंकांच्या निर्देशांना बांधलेली होती. त्याची उणीव वेगळी. त्यांची योजना आठ खंडांची होती, त्यांतील तीनच प्रसिद्ध झाले.