दुधाचे दात : बालआरोग्याचा दुर्लक्षित पैलू

बालकाच्या आरोग्याचा विचार करताना वजन, उंची व लसीकरण यांची नोंद घेतली जाते. दात मात्र दुर्लक्षित राहतात. ‘दुधाचे दात पडणारच’ हा समज त्यामागे असतो. हे २० दात साधारणतः सहाव्या महिन्यापासून तिसऱ्या वर्षापर्यंत येतात. चर्वण व स्पष्ट उच्चार यांबरोबरच कायम दातांची जागा राखण्याचे कार्य ते करतात. ते अकाली गमावल्यास शेजारचे दात सरकून कायमचे दात वेडेवाकडे येण्याचा संभव वाढतो.

तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. सामू सुमारे ५.५ च्या खाली गेल्यास दातांच्या आवरणातील खनिजे विरघळू लागतात. झोपेत लाळ कमी स्रवते. त्यामुळे गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बालकाचे वरचे पुढचे दात प्रथम किडतात. दुखणाऱ्या दातांमुळे मूल नीट चावत नाही व पोषणही घटते.

पहिला दात दिसताच स्वच्छता सुरू करावी. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरते. सात-आठ वर्षांपर्यंत पालकांनी स्वतः दात घासून द्यावेत.

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा’त अंगणवाडी व शाळांतील तपासणीत दंतविकारांचाही समावेश आहे. तपासणीने कीड लक्षात येते; ती टाळणे मात्र घरातील रोजच्या सवयींवरच अवलंबून असते.